तंगीच्या गोळ्या

अक्कांनी आपल्या दारावरच्या बेलची तार स्वतःच्या हाताने कापून टाकली होती. बंगळुरात, येलहंक्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी अटी ऐकवल्या गेल्या. पाहुणे येणार असतील तर आधी सांगायचं. जिन्यावर पाय आपटायचे नाहीत. भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर आदल्या दिवशी कळवायचं. म्हातारी तऱ्हेवाईक आहे, असं माझं मत झालं. नवरा तर दुसरं घर बघायला निघाला होता.

अटी त्यांच्या कुत्रीसाठी होत्या. तिचं नाव तंगी, म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. अक्कांचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे बोलण्यात अर्धं कन्नड. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मग घरातल्या दुसऱ्या बाईला तंगीच म्हणणार ना, असा त्यांचा हिशेब. आम्हा पुण्याकडच्या माणसांना ते नाव ऐकून हसू यायचं आणि आमच्या हसण्याची अक्कांना काडीची पर्वा नव्हती.

अक्का निवृत्त गणिताच्या बाई. लग्न केलं नव्हतं आणि कुणाचंही म्हणणं पुराव्याशिवाय मान्य केलं नव्हतं. आम्ही यायच्या आधीच्या वर्षी तंगी सारखी आजारी पडायची. उलट्या, थरथर, मागच्या पायांतलं बळ जायचं. सलाईन लावलं की पुन्हा उड्या मारायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा आडवी. किडनी गेली, आता आशा ठेवू नका, असं एका डॉक्टरांनी सांगून टाकलं. किडनी गेलेलं जनावर सलाईनने इतकं ताजंतवानं कसं होतं, असं विचारून अक्कांनी त्यांना भंडावून सोडलं आणि तंगीला उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्तातले क्षार पाहिले, ग्रंथींची तपासणी केली आणि आजाराचं नाव सांगितलं, अॅडिसन.

मला तो आजार अक्कांनीच समजावला, वर्गात समजावावा तसा. किडनीपाशी दोन लहान ग्रंथी असतात. शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणं आणि धक्का बसला की सावरायला बळ देणं हे त्यांचं काम. तंगीच्या ग्रंथी ते काम करत नव्हत्या. त्यामुळे जन्मभर रोज गोळ्या, आणि घरात काही गडबड असेल त्या दिवशी त्यातली एक गोळी, डॉक्टरबाईंनी सांगितली तेवढी, जास्त. "आपल्याला धीर आतून येतो गं," त्या म्हणाल्या, "हिला तो बाहेरून द्यायचा. चुकलं तर ही जाते. स्वल्पही चालढकल नाही."

मग गल्लीत कुणाकडे लग्न आहे, कुठे बोअरवेल खोदणार, गणपतीचा मांडव कुठे पडणार, याची खडान् खडा माहिती अक्कांकडे असायची. लोकांना वाटे म्हातारीला चांभारचौकशा फार. हवाई दलाच्या तळावर विमानांचा सराव सुरू होणार असला की अक्का सकाळीच दहीभातात जास्तीची गोळी चुरून द्यायच्या. डोक्यावरून विमानं कानठळ्या बसवत जायची. आमच्या खिडक्या थरथरायच्या आणि तंगी अक्कांच्या पायाशी पडून राहायची. तिच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं की हिला काही झालंय. तीच खरी भीती होती, पण ते मला फार उशिरा कळलं.

अक्कांचं स्वतःचं हृदय दुबळं झालं होतं. त्यांचा पुतण्या मोहन आनेकलला राहायचा, दर रविवारी यायचा. त्याचा तंगीवर फार जीव. एकदा तो आणि मी समोर असताना अक्का म्हणाल्या, "मी गेले की या घरात सगळ्यात मोठी गडबड त्या दिवशी. रडायच्या आधी तिची गोळी द्या." असं अशुभ बोलू नये, असं मोहन म्हणाला. त्यावर त्या चिडल्या. अशुभ बोललं नाही म्हणून मरण टळतं काय, असं त्यांनी त्यालाच विचारलं.

त्या गेल्या त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मी तंगीला वर माझ्या खोलीत नेलं, दहीभात कालवला आणि खालून रडण्याचे आवाज येत असताना जास्तीची गोळी दिली. सुतक संपेपर्यंत रोज सकाळी खाली जाऊन मीच गोळ्या देत होते. तेराव्याला संध्याकाळी मोहन तिला आनेकलला घेऊन निघाला. गोळ्या घेतल्यास ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सरी सरी, हो गं, सुमाने सगळं सामान भरलंय." सुमा त्याची बायको.

गेलेल्या माणसाची औषधं घरात ठेवत नाहीत. त्याच दुपारी सुमाने अक्कांचा औषधांचा डबा बाहेर टाकला होता. तंगीच्या गोळ्या माणसांच्या दुकानातल्याच, अक्कांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी ठेवलेल्या, पाकिटावर नावही अक्कांचंच. आनेकलला पोचल्यावर हे मोहनच्या लक्षात आलं. पण तंगी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. त्याला वाटलं, आजार केव्हाच बरा झालाय, अक्काच उगाच घाबरत होत्या.

आठवड्याभरात तिने खाणं सोडलं. मोहनने मला फोन केला तो औषधासाठी नाही, कौतुकाने केला. तंगी अक्कांसाठी झुरते आहे, कोपऱ्यातून उठत नाही, शेजारीपाजारी येऊन तिला नमस्कार करून जातात, असं रडत सांगत होता. मी गोळ्यांचं विचारलं. "त्या अक्कांच्या औषधांबरोबर गेल्या," तो म्हणाला. "पण ती बरीच होती की."

मी ओरडले, हो, ओरडलेच. लगेच दवाखान्यात ने, सलाईन लाव, अॅडिसन आहे म्हणून सांग. त्याने तिला गाडीत घातलं. दवाखाना यायच्या आधी ती गेली.

वर्षश्राद्धाला मी आनेकलला गेले. भिंतीवर अक्का आणि तंगी यांचा एकत्र फोटो होता, दोघींना एकच हार. बाहेर मोहन पाहुण्यांना सांगत होता की मुक्या जिवाने कसे अक्कांमागे प्राण सोडले. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली.

स्वयंपाकघरात सुमा एकटी ताटं वाढत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ती अक्कांच्या आठवणीनेच गेली ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण अक्कांच्या हाताखाली राहिलेल्या माणसाला ते जमत नाही.

"नाही," मी म्हटलं. "गोळ्या थांबल्या म्हणून गेली."

सुमाने पदराने हात पुसले. "ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नका." मग ती ताटं घेऊन बाहेर गेली आणि मोहनची गोष्ट संपेपर्यंत पंगतीच्या कडेला थांबून राहिली.