कांद्याच्या चाळीतला संसार

चाळीत कांदा नव्हता. पलंग होता, ड्रेसिंग टेबल होतं आणि नवी सून स्टोव्हवर चहा ठेवत होती.

माझ्या मागे जिल्ह्याहून आलेले साहेब मोबाइल काढून उभे. मी साक्री तालुक्यात कृषी सहायक आहे. कांदाचाळ म्हणजे कांदा टिकवायची लांबट शेड. वारा खेळावा म्हणून तिच्या भिंतींना मुद्दाम फटी ठेवतात. शेतकऱ्याने ती आधी पदरच्या पैशाने बांधायची. मग आम्ही जागेवर येऊन मोका तपासणी करायची, फोटो ॲपवर टाकायचा, की अनुदान खात्यात. साहेबांना फोटोत कांदा लागतो.

"नाना, हे काय?" साहेबांनी विचारलं.

चाळ बांधणाऱ्या नानांनी टोपी सरळ केली. "साहेब, शेतीवाला पोऱ्याले कोनी पोर देत नही. व्याही घर दखाले उनात. आमनं घर मातीनं. मंग हाई चाळच दखाडी दिधी. नवा पत्रा, नवा रंग."

"म्हणजे व्याह्यांना घर म्हणून चाळ दाखवली! आणि कांदा?"

"बठ्ठा घरमा शे."

जाऊन पाहिलं. घराच्या दोन्ही खोल्या कांद्याने भरलेल्या. हवा कोंडलेली, कांद्याला कोंब फुटलेले. नाना-नानी ओट्यावर झोपत होते.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रस्ताव नामंजूर लिहा."

या चाळीसाठी नानांनी बैलजोडी विकली होती. मी म्हटलं, "साहेब, चाळ नियमात बसते. माणसं तेवढी बसत नाहीत."

"मग मी फोटो कशाचा काढू? पलंगाचा?"

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. ज्योती तिचं नाव. तिने सगळं ऐकलं होतं.

"साहेब, मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले. इंजिनाने कधी झोप मोडली नाही. इथे पहाटे फटीतून शेळी तोंड घालते." मग नानांकडे वळली. "मामंजी, खरं सांगितलं असतं तरी मी आले असते. मला मुलगा पसंत होता. आता कांदा इकडे आणा आणि मला भिंती द्या."

तिचा नवरा खाली बघून गालात हसत होता.

नाना घाबरले. "तुना बाप काय म्हनी?"

ज्योतीने तिथेच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. नाना घाम पुसत राहिले.

"मला तेव्हाच वाटलं होतं," व्याही म्हणाले, "घराला खिडक्या फार आहेत."

मग कुणी थांबलं नाही. गल्लीतली माणसं पाट्या घेऊन आली. साहेब पाच मिनिटांत निघणार होते, पण ड्रायव्हरच पाटी उचलून गेला. नाइलाजाने ते झाडाखाली बसले आणि तिसरा चहा प्याले. ऊन कलता कलता चाळीत चांगला कांदा पसरला, कोंबाचा बाहेर निघाला. साहेबांनी स्वतः फोटो काढला. कोपऱ्यातलं ड्रेसिंग टेबल दिसू नये म्हणून दोन पावलं डावीकडे सरकले.

अनुदान मिळालं. मातीचं घर उन्हाळ्यात गार राहतं, हे ज्योतीला पहिल्याच दुपारी कळलं.

हल्ली चाळीचा अर्ज आला की घरात लग्नाचा मुलगा आहे का, तेही मी विचारून घेते. नियमात नाही, पण फेरी वाचते.