अकरा दिवस दाबून ठेवलेली तार

महिन्यातून एकदा आम्ही तिघं निवृत्त बोटवाले मार्वेच्या जेट्टीवरून मनोरीला जातो. आयुष्यभर सातासमुद्रापार गेलेली माणसं आम्ही, आता तिकीट काढून खाडी ओलांडतो, पलीकडे एका घरगुती खानावळीत मच्छी खातो आणि उन्हं उतरायच्या आत परत येतो. घरच्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटतो. असेना का.

आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही. बोटीवरचा हुद्दा हेच नाव. बोरिवलीत राहतो तो सुकाणी, म्हणजे जहाजाचं चाक हातात धरणारा. जोगेश्वरीचा तेलवाला इंजिनरूममध्ये पंचवीस वर्षं काढून अर्धा बहिरा झालाय. मी दहिसरचा भंडारी, खलाशांचा स्वयंपाकी. सुकाणी आणि मी एकाच कंपनीत होतो, अनेक सफरी एकाच केबिनमध्ये काढल्या. तेलवाला आमच्याबरोबर कधीच नव्हता, त्यामुळे आमच्या सगळ्या गोष्टी त्याला नव्यानं सांगता येतात. शिवाय निम्म्या ऐकू येत नसल्यामुळे पुढच्या महिन्यात त्याच पुन्हा सांगता येतात.

त्या दिवशीही बांगडा ताटात पडल्यावर सुकाण्यानं त्याची लाडकी गोष्ट काढली. "तेलवाल्या, ह्या भंडाऱ्यानं एकदा आम्हाला अकरा दिवस नुसता वरण-भात खायला घातला. जपान सोडून कॅनडाला चाललो होतो. मधेच हा म्हणतो, फ्रीजर बिघडला, मच्छी-मटण सगळं नासलं. वाट लावली मेल्यानं! कॅनडाला बोट लागायच्या आत खलाशी ह्यालाच शिजवून खाणार होते."

तेलवाला खो खो हसला. मी पण हसलो. पस्तीस वर्षं ह्या गोष्टीवर मी हसतच आलोय.

हसून झाल्यावर सुकाण्यानं ताट बाजूला सारलं. बांगड्याला त्यानं हातही लावला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो म्हणाला, "बायकोचं काही खरं नाही रे. पोटातला रोग. डॉक्टर म्हणतात दिवस मोजायचे, महिने नाही. तिनंच मला आज घालवलं, म्हणाली, जा जरा, घरात नुसत्या फेऱ्या मारताय."

वहिनींच्या हातचं मी कितीदा जेवलोय. लेक येऊन राहिली आहे, ती सगळं बघते, असं तो सांगत होता. मुलगा मात्र बोटीवर. सेकंड ऑफिसर आहे, अटलांटिकमध्ये, आणि बंदर यायला अजून बरेच दिवस.

"त्याला कळवलंस?" मी विचारलं.

"नाही. आणि कळवणारही नाही. हल्ली बोटीवर नेट असतं, एक दिवसाआड फोन करतो तो. ही दोन शब्द बोलते, आवाज घट्ट करून. व्हिडिओ लावला की मी सांगतो, देवळात गेलीय. अरे, त्याला पाण्यात सांगून काय उपयोग? उडी मारून येणार आहे का तो? बंदर आलं की सांगू. आपल्या वेळी हीच पद्धत होती ना? घरून वाईट बातमीची तार आली की कॅप्टन दाबून ठेवायचा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला काका म्हणतो तो. त्याचा फोन आला तर तू पण हेच सांग. देवळात गेलीय."

मी हातातला घास ताटात ठेवला. एकदा केलेलं पाप माणूस विसरू शकतो, पण तेच पुन्हा कर म्हणून कुणी हात जोडले तर काय करायचं? मी पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं.

"सुकाण्या, तो फ्रीजर बिघडला नव्हता."

"म्हणजे?"

"जपान सोडल्यावर दुसऱ्या दिवशी तार आली. तुझी आई गेल्याची. रेडिओ ऑफिसरनं कॅप्टनला दिली, कॅप्टननं सारंगाला, म्हणजे आम्हा खलाशांच्या मुकादमाला, सांगितलं. आधीच्या एका सफरीत अशीच तार वाचून एका खलाशानं समुद्रात उडी घेतली होती. म्हणून सारंगानं मला बोलावलं, म्हणाला, तुम्ही एका केबिनमध्ये आहात, नजर ठेव आणि तोंड उघडू नकोस. मी नजर ठेवली. पण तुला सुतक होतं रे. तुझ्या ताटात मच्छी कशी वाढणार मी? तुला एकट्याला नाही वाढली तर तू विचारलं असतंस, म्हणून कुणालाच नाही वाढली. चांगली मच्छी कुलपात ठेवली."

तेलवाल्याला आज नेमकं सगळं ऐकू आलं होतं.

सुकाणी हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवसांत मी तुझ्याकडून पत्र लिहून घेतलं होतं."

तेच मला नको होतं. त्याचं अक्षर भयंकर, म्हणून त्याची पत्रं मी लिहीत असे. आईसाठी जपानहून शाल घेतलीय, महिन्याभरात येतो, असं तो बंकवर पडून सांगत होता आणि मी लिहीत होतो. शेवटी तो म्हणाला, अजून काय लिहू रे? तेव्हा मीच सुचवलं, 'तब्येतीला जप' असं लिहूया. गेलेल्या बाईला मी तब्येतीला जप म्हणून लिहिलं. सुचवलं, लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

"त्याचं काय केलंस?"

"समुद्रात टाकलं."

"आणि बंदरात कॅप्टन म्हणाला, आज सकाळी तार आली." तो उठला. चिडला की त्याचं गाव तोंडात येतं. "माका कित्याक नाय सांगलंस? मी त्या दिवसांत पत्ते खेळलंय, गाणी म्हटलीत. तू समोर बसून टाळ्या दिल्यास, मेल्या!"

"चुकलो," मी म्हणालो. "तू जिवाचं काही करून घेशील, अशी भीती वाटली. आणि खरं सांगू, माझ्या तोंडानं सांगायला लागू नये, हेही होतं."

मला वाटलं, आता हा हात उचलणार. उचलला असता तरी चाललं असतं. तो अंगणात माडाखाली जाऊन उभा राहिला. आम्ही दोघं म्हातारे ताटांसमोर हात वाळवत बसलो. बऱ्याच वेळानं तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मोबाइल होता.

"माझी आई तरी गेलेलीच होती," तो म्हणाला. "ह्याची अजून आहे."

त्यानं मुलाला फोन लावला. पलीकडून "हां बाबा, बोला" ऐकू आलं आणि सुकाण्याचे ओठ नुसतेच हलले. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला. "तू सांग. मला तेव्हा नाही सांगितलंस ना? आता ह्याला सांग."

मी सांगितलं. आजार सांगितला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, देवळाचं खोटं होतं तेही सांगितलं. मग त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"तासाभरापूर्वी, बाळा."

"खरं ना?"

"खरं."

"ठेवा मग. आईला लावतो."

सुकाणी पायरीवर बसून मोठ्यानं रडला. खानावळीची बाई ताटं उचलायला आली होती, ती तशीच परत गेली. मी त्याच्या शेजारी बसलो, पण खांद्यावर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

अर्ध्या तासानं वहिनींचा फोन आला. त्यांचा आवाज फार खाली गेला होता, म्हणून सुकाण्यानं स्पीकर लावला.

"सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "दुखतं त्याचं मला एवढं नव्हतं हो. पोराशी बरी आहे, बरी आहे म्हणून बोलायचं, त्यानंच जीव थकला होता. आज पोटभर रडलो दोघं."