दाढेतली गोळी

सन एकोणीसशे एकावन्न. माघ सरत आलेला, राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजायला, झाडांचा टहाळ तोडायचे दिवस. तेव्हा मी केलेला मूर्खपणा सांगतो. हसायचं तर हसा. मला अजून हसू येत नाही.

अक्कलदाढ सडली. आमच्या पोशेरा गावाहून चालत जव्हारला गेलो. डॉक्टरानं दाढ उपटली, पांढऱ्या गोळ्या दिल्या. घरी आलो तर शेजारची बुधीआजी दारात. माझ्यासाठी कामधाम सोडून दिवसभर रानात हिंडली होती, औषधी मुळी घेऊन आली होती.

आमच्याकडे रीत अशी, की कोणी तुमच्यासाठी दिवस मोडला तर तुम्हीही त्याच्या कामावर एक दिवस द्यायचा.

मी म्हटलं, "आधी गोळी आणि मुळी, दोन्हींची पारख करतो. गुण आला तर दिवस देईन."

एक औषध गिळायचं होतं, दुसरं दाढेच्या खळगीत धरून रस थुंकायचा होता. कोणतं कुठं? दोघांनी नीट सांगितलं होतं. ठणक्यात डोक्यात राहिलं नाही. पुन्हा विचारायला जायचं? मी? छे!

सकाळी गोळी खळगीत दाबली. निखाराच ठेवला म्हणा! दुपारी मुळी ठेचून गिळली. मग लोटा घेऊन किती वेळा पळालो, ते विचारू नका.

तिसऱ्या दिवशी आजीच्या अंगणात जाऊन गरजलो, "डॉक्टर लबाड, तूही लबाड! दिवस देत नाही!"

"नको देऊस," आजी म्हणाली.

अख्ख्या पाड्यानं ऐकलं. माझा टहाळ तोडायला चौघे येणार होते, एकही आला नाही. म्हणाले, "दिवस बुडवणाऱ्याकडे कोण जातो?" राब भाजला नाही तर भाताचं रोप कुठं टाकायचं?

सुजलेला गाल घेऊन पुन्हा जव्हार.

"गोळी कुठं ठेवलीस?" डॉक्टरानं विचारलं.

"खळगीत."

"आणि ती मुळी?"

"गिळली."

शेजारी उभा कंपाउंडर म्हणाला, "साहेब, आपण दाढच काढली ना? आणखी काही निघालं नाही ना?"

परत येऊन कोयता उचलला, आजीच्या रानात गेलो.

"कसा आलास रं?"

"चुकलो. गोळी दाढेत ठेवली, मुळी गिळली."

आजी पदर तोंडावर धरून हसत खाली बसली. "आणि आता?"

"आता बरोबर घेतो. दोन्ही."

"मग गुण कशाचा आला म्हणशील?"

"दोन्ही एकदम घेतो. कसं कळणार?"

"मग मला अर्धाच दिवस दे. अर्धा त्या डॉक्टरला."

मी दिवस मावळेपर्यंत आजीचा टहाळ तोडला. दिवस फिटला.