मी म्हणे इन्व्हिडिअस!

"ऊठ. तू दाराशी बस."

जिलेबीचा पहिला तुकडा तोंडात होता. सांगलीचं वसतिगृह, संमेलनाचं जेवण, पोरींची पंगत. रेक्टरबाईंनी माझं ताट हातानं उचललं नाही. पायानं सरकवलं. मी उंब्रजच्या बौद्धवाड्यातली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या दोघी आधीपासूनच अंग चोरून बसलेल्या.

पुण्याच्या पाहुण्या बाईंनी विचारलं, "का उठवलंत तिला?"

रेक्टरबाई हसून म्हणाल्या, "तिला मध्ये बसवणं जरा इन्व्हिडिअस होतं."

आणि मी? दोन वेण्या, लाल रिबिनी, कॉलेजकन्या! बाहत्तरचा दुष्काळ अजून यायचा होता, माझ्या डोक्यात आधीच पडला होता. एवढा लांबलचक इंग्रजी शब्द माझ्यासाठी? मी फुलले. वाटलं, मी मध्ये बसले की बाकीच्या फिक्या पडतात. चपलांच्या ढिगाशेजारी बसून दुसरी जिलेबी मागून घेतली, निर्लज्जासारखी. तवापासून रोजचं जेवणही दाराशीच.

सुट्टीत घरी सांगितलं, "आये, मी लय इन्व्हिडिअस हाय." आयेनं कानशिलावर बोटं मोडून माझी दृष्ट काढली.

परत आल्यावर तोच शब्द इंग्रजीच्या सरांपुढं मिरवला. बाईंच्या वाक्यासकट. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "पोरी, ही स्तुती नव्हे. ज्या अन्यायी वागण्यानं माणसांच्या मनात चीड पेटते, त्याला इन्व्हिडिअस म्हणतात."

कानशिलं तापली. म्हणजे मी मध्ये बसले तर बाकीच्यांना चीड येईल. त्यांच्या चिडीची बाईंना केवढी काळजी! मलाही चीड येत असेल, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. खरं सांगते, माझ्याही नव्हतं.

त्या संध्याकाळी पंगतीच्या मधोमध मांडी ठोकली.

"ऊठ."

"न्हाई, बाई."

"इतर मुलींचा विचार कर."

"बाई, तुमी शब्द चुकीच्या जागी लावला. माझं बसणं इन्व्हिडिअस न्हाई. मला उठवणं हाय."

"वसतिगृहातून काढीन तुला."

"काढा. पण कारण सगळ्यांसमोर सांगा. मराठीत."

बाई पाठ फिरवून आपल्या खोलीकडं निघाल्या. चार पोरी ताटं घेऊन उठल्या. वाढणारी घुटमळली. मी वाटी पुढं केली, तशीच धरून ठेवली. हात भरून आला, तरी धरली. शेवटी आमटी पडली.

दुसऱ्या दिवशीही तिथंच बसले. तिसऱ्याही. ज्यांना चीड येते, त्यांनी आपापलं ताट उचलावं. माझ्या ताटाला पाय लागला, तर तो पाय मी धरून अडवणार.