विचारून कापणारा

“काका, जरा खसो ने,” तो हळूच कोणाला तरी बाजूला व्हायला सांगत होता. कॅफेत आम्ही दोघंच होतो. तो पडद्यावरच्या फोटोशी बोलत होता.

रावपुऱ्यात ज्याच्याकडे मी ई-मेल पाहायला जायचे, तो हा सायबर कॅफेवाला. लग्नाच्या साइटसाठी फोटोतली बाकीची माणसं कापून द्यायचा. ज्याला कापायचं, त्याला आधी विचारायचा, क्षणभर थांबायचा, मगच माउस हलवायचा.

एकदा मी माझा फोटो नेला. साइटला मी एकटीच हवी होते. शेजारी आई होती. ती आता नाही, हे त्याला मी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं, बराच वेळ थांबला आणि माउसवरचा हात काढून घेतला.

“मासी नाही म्हणतात, बेन. तुम्हीच सांगा.”

पडद्याकडे पाहत मी म्हटलं, “आई, राहा तू.”