विमानवाल्याचा विमा

कोणताही प्रश्न विचारा, उत्तर देण्याआधी तो मान वर करून बघायचा. उघड्यावर असला तर आभाळाकडे, कँटीनमध्ये असला तर पत्र्याकडे. "कॅप्टन, चहा घेता का?" एवढं विचारलं तरी आधी वर बघणार, मग म्हणणार, "घेऊ ना, भाऊ." बाकीच्यांना याचं कौतुक वाटे. मला मात्र वाटे, आपण कुठून उतरलो आहोत हे हा माणूस खाली बसलेल्यांना विसरू देत नाही.

आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळत होतो. तुम्हीही कधी ना कधी कोणावर जळला असाल, तेव्हा तुमच्यापुढे लपवण्यात अर्थ नाही.

चंद्रपूरजवळच्या आमच्या सिमेंट कारखान्याचं एक छोटं विमान होतं, सहा माणसं बसतील एवढं. मालक मंडळींना नागपूर-मुंबईहून आणायचं आणि परत पोचवायचं, हे त्याचं काम. धावपट्टी मुरमाची. विमान यायच्या आधी चौकीदार सायकलवरून जाऊन गाई हाकलायचा. मी कार्मिक विभागात कारकून आणि कामगार युनियनचा सेक्रेटरी. सगळा कारखाना मला 'भाऊ' म्हणायचा, रजेसाठी, बदलीसाठी माझ्याकडे यायचा. पण विमानाचा आवाज आला की टेबलाशी उभा असलेला माणूस आपलं रडगाणं अर्धवट टाकून खिडकीकडे धावायचा.

विमान चालवणारा हा कॅप्टन कोणी परका असता तर सोडून दिलं असतं. तो जवळच्याच सावली गावचा, धानाच्या चिखलात वाढलेला. मी वरोऱ्याचा. मॅट्रिकला मला त्याच्याहून जास्त मार्क होते, हे मी गप्पांच्या ओघात त्याच्याकडूनच काढून घेतलं होतं.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वरतून पाह्यलं त काईच मोठं नाई दिसत, भाऊ." गेटवर घोषणाबाजी होवो, मॅनेजर कोणावर ओरडो, हे वाक्य तयार. एकदा तो आमच्या घरी जेवून गेला. तो गेल्यावर आमची ही म्हणाली, "किती शांत माणूस हाये. तुम्ही घरी आले की आधी भांडे आपटता." मी त्या दिवशी एकही भांडं आपटलं नाही, पण जेवलोही नाही.

मग त्याच्या आईचं ऑपरेशन नागपूरला करावं लागलं आणि तो पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला. हातात अर्जांची चळत. आजारपणाच्या सवलतीसाठी त्यानं मुंबईच्या हेडऑफिसला लिहिलं होतं. त्यांचं उत्तर, तुम्ही कारखान्याच्या यादीत. कारखान्यानं सांगितलं, तुम्ही हेडऑफिसच्या. वैमानिकांच्या संघटनेला लिहिलं तर त्यांनी कळवलं, आम्ही फक्त मोठ्या विमान कंपन्यांतल्यांचे.

"हेडऑफिस म्हणते कारखान्याचा, कारखाना म्हणते हेडऑफिसचा," तो म्हणाला. "मंग मी हवेतच लटकून आहो का, भाऊ? मले तुमच्या युनियनमधी घ्या."

मला फार बरं वाटलं. मी त्याला बसा म्हटलं नाही. "विमान चालवणारा कामगार कसा होईल, कॅप्टन?" मी म्हणालो. "तुम्ही साहेब लोक." नियमात बसवता आलं असतं. क्रेनवाले आमचे सभासद होतेच. पण मी अर्ज परत केले आणि त्यानं ते नीट घडी घालून नेले. असा तो चार वेळा आला आणि चारही वेळा मी त्याला उभंच ठेवलं.

पाचव्यांदा आला नाही. आईचं दुखणं तर चालूच होतं. मला चैन पडेना. मागणारा माणूस मागायचं का थांबला?

त्याच सुमारास त्यानं भात सोडला. सावलीचा माणूस आणि भात सोडतो, म्हणून कँटीनमध्ये हसण्यावारी गेलं. वर्षातून दोनदा त्याची सरकारी डॉक्टरी तपासणी असे, तीत पास झाला तरच परवाना राही. तपासणी जवळ आली की नुसती ज्वारीची भाकर आणि कारलं. कोणी विचारलंच तर वर बघून म्हणायचा, "वजन वाढून राह्यलं."

एका रविवारी मी वरोऱ्याला माझ्या चुलतभावाच्या औषधाच्या दुकानात बसलो होतो. हा बसमधून उतरला आणि सरळ दुकानात आला. मला बघून दचकला.

"कॅप्टन, इथी कसे?"

"आईसाठी गोळ्या," तो म्हणाला आणि पुडी खिशात घालून गेला.

चुलतभाऊ म्हणाला, "आईच्या नावानं नेते शुगरच्या गोळ्या. दुकानाच्या पायरीवर बसून पाण्यासंगं सोताच घेते."

चंद्रपुरात काय औषधांची दुकानं नव्हती? पण तिथं कोणीतरी ओळखीचं निघालं असतं. मधुमेह कळला की परवाना गेला, आणि परवाना गेला की विमान गेलं. यादीत नाव चढलं की डॉक्टर मागे लागणार, म्हणून मागणंही थांबलं. परतीच्या बसमध्ये मला हे सगळं कळलं, आणि मी खिडकीशी बसून चक्क शीळ घातली.

पुढच्या वर्षी कारखान्यानं सगळ्यांसाठी आजारपणाचा विमा काढायचं ठरवलं. गेटवर विनोद सुरू झाला, "विमान आलं का विमा आला?" अट एकच होती, यादीतल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं. युनियनच्या सभेत मी उठलो आणि म्हणालो, "आपला वैमानिकही आपला भाऊच आहे. त्याच्या मायच्या दुखण्यात आपण त्याच्या पाठीशी उभे राहिलो नाही, याची मला लाज वाटते." टाळ्या पडल्या. त्याला सभासद करून घेतलं आणि यादीत त्याचं नाव मी स्वतः टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. या वेळी मी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

"भाऊ, मले राहू द्या. मले नाई पायजे विमा."

"काऊन? तुम्हीच त मागत होते."

"तवा मागत होतो."

पहिल्यांदाच तो वर न बघता बोलला. माझ्याकडे बघत होता. एवढं त्यानं दुसऱ्या कोणाकडे मागितलं नसेल.

"यादी गेली," मी म्हणालो.

यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

महिन्याभरानं त्याच्या रक्ततपासणीचा कागद आला आणि मी तो मॅनेजरपुढे ठेवला. विमान थांबलं. त्याला कामावरून काढायचं घाटत होतं तेव्हा युनियन मध्ये पडली, म्हणजे मीच पडलो, आणि त्याला आमच्या विभागात टेबल मिळालं. नोकरी वाचवली म्हणून लोकांनी माझं नाव घेतलं. त्याच्याकडे आवक-जावक आणि विम्याचे फॉर्म दिले. पंधरा दिवसांत रांग त्याच्या टेबलाशी लागू लागली. तो अडाणी बाईलाही बसा म्हणायचा आणि तिचा फॉर्म स्वतः भरून द्यायचा. म्हणजे जमिनीवर आणूनही मला काही सुख लाभलं नाही.

वर्षभर आम्ही एका डब्यातून जेवलो. मग त्यानं राजीनामा दिला. आईजवळ राहून शेती बघणार होता. मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडीची वाट बघताना तो सहज म्हणाला, "मी नाई म्हणाले आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी यादी गेली होती, भाऊ. जावक रजिस्टरमधी हाये."

"केव्हा पाह्यलं?"

"टेबलावर बसलो त्या पयल्याच आठवड्यात."

"मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? तुम्ही खोटं बोलले, मी बी खोटंच बोलत होतो. माझं जास्त मोठं. माझ्या मागं माणसं बसत होती." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणे, आणखी वर्षभर असंच चाललं असतं त डोळे गेले असते."

त्यानं मला शिवी दिली असती तर मी ती जन्मभर जपली असती. त्यानं खुन्नस धरली असती, तर निदान त्या बाबतीत आम्ही बरोबरीचे झालो असतो. आपण वागलो ते बरोबरच होतं, एवढा एक आधार मी मनाशी धरून होतो. तोही आता त्याच्याच हातून मला घ्यावा लागत होता.

सावलीची गाडी लागली, लोकांची झुंबड उडाली. तो मागेच उभा राहिला, सगळ्यांना आधी चढू दिलं. गाडी निघाली तेव्हा त्यानं काचेतून हात हलवला. मीही हलवला. पण खरं सांगतो, तेव्हाही मी बघत होतो ते एवढंच, की गाडी खचाखच भरलेली असताना कंडक्टरनं उठून याला आपली जागा दिली होती.