रोलरमध्ये गेलेला हात

"क्रश इंज्युरी आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाड, शिरा, कातडी सगळं एकदम चिरडलेलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं काढावी लागणार होती. मग त्यांनी विचारलं, हे झालं कुठं?

माझी शुद्ध जात-येत होती. उत्तर आमच्या सुपरवायझरनी दिलं, "घरी. शेवयांच्या मशीनमध्ये."

खोटं. मी अंबडला एका बिस्किटांच्या कारखान्यात पीठ लाटणाऱ्या रोलरवर होते. खंडेनवमीला आम्ही मशीन धुऊन पुसून हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. धुण्यासाठी रोलरपुढची जाळी काढली होती, ती परत बसलीच नाही. दिवाळीची ऑर्डर होती आणि जाळी नसली की चिकटलेलं पीठ चालत्या रोलरवरून झटपट खरवडता येतं. "आत्ताच पूजा झालीय, काही होत नाही," असं सुपरवायझर म्हणायचे. पूजा मशीनची झाली होती, माझ्या हाताची नाही.

रिक्षात त्यांनी मला पढवलं होतं. घरी लागलं म्हणा, शेठ औषधपाणी बघतील. कंपनीचं नाव घेतलंत तर कामावर यायचं नाही. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत होते, कार्ड मात्र दिलं नव्हतं. हात तर गेलाच होता, अपघात घरचा ठरला असता तर हक्कही गेला असता.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नामपूरहून आई आली. कांद्याच्या मार्केटात आयुष्य काढलेली बाई, रडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हात गया माय, जीभ ते शे ना?" जीभ होतीच.

राउंडला डॉक्टर आले तेव्हा मी सांगितलं, हे घरी नाही, कारखान्यात झालं. ते जरा चिडले. काल का नाही बोललात?

"काल तुम्ही मला नाही, त्यांना विचारलंत."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. मग माझ्याजवळ बसून त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं आणि एमएलसी केली. एमएलसी म्हणजे अशा जखमेची पोलिसांना द्यायची खबर. चूक कबूल करून ती दुरुस्त करणारा तो माणूस मी विसरणार नाही. संध्याकाळी सुपरवायझर सफरचंदं घेऊन आले आणि खबर कळताच तोंड पाडून गेले. सफरचंदं आम्ही खाल्ली.

पुढे स्किन ग्राफ्टिंग झालं, म्हणजे मांडीची कातडी काढून हातावर लावली. फँटम पेनही सोसलं. नसलेलं बोट ठणकतं, खाजतं आणि खाजवायला हाताशी काहीच नसतं. तुम्हालाही असं झालं तर घाबरू नका, वेड लागलेलं नसतं.

कंपनी म्हणाली, ही बाई आमची नाहीच, ठेकेदाराची. माझ्या पाळीतल्या बायका साक्षीला उभ्या राहिल्या. एकीचं काम गेलं, तरी तिनं शब्द फिरवला नाही. तिचे उपकार फिटायचे नाहीत. तारखांवर तारखा झाल्या, चपला झिजल्या, पण अपघात कामावरचाच ठरला. पेन्शन बसली आणि कामावर परत घ्यावं लागलं.

म्हणून सांगते, दवाखान्यात कसं लागलं ते स्वतः सांगा, नाहीतर घरच्या माणसाला सांगू द्या. ठेकेदाराकडून कामाला असलात तरी तुमचा हक्क जात नाही. आणि लाजू नका. लाज ज्यांना वाटायला हवी ते खुशाल फिरतात.

आता मी पॅकिंगला आहे. परवा बाहेरगावचे मोठे गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होते. मॅनेजर हळूच म्हणाले, ताई, तेवढा वेळ हात पदराखाली घ्या. मी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी पुडे भरत बसले. पाहुण्यांपैकी एक बाई थांबल्या. हाताला काय झालं, त्यांनी विचारलं. मॅनेजर पुढं सरसावले, पण मी त्यांना बोलू दिलं नाही.

"इथंच गेली बोटं," मी म्हणाले. "चला, मशीन दाखवते."